रोजचे मनन: किती वाचावे, कसे वाचावे आणि कुठे अडते

रोज बायबल उघडणारी माणसे आपल्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत. पण सकाळी वाचणाऱ्याला दुपारी विचारा, आज काय वाचले? बहुतेक जण अध्यायाचा आकडा सांगतात आणि थांबतात. याला स्मरणशक्ती जबाबदार असते असे क्वचितच. भाग फार मोठा घेतलेला असतो, मागचे-पुढचे वाचलेले नसते आणि वाचलेल्याचे दिवसभरात काय करायचे ते ठरवलेले नसते. म्हणून खाली सांगितलेली सगळी पद्धत एकाच गोष्टीभोवती आहे: भाग लहान घ्या, त्यातून एक ओळ वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी नवे काही वाचण्याआधी कालच्या ओळीचे काय झाले ते पाहा. ही शेवटची पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि मनन तिथेच सुटते.

वेळ आणि जागा

'पहाटे चारला उठा' हा सल्ला संदेशात ऐकायला बरा वाटतो. घरात नळाला पाणी पहाटे येत असेल, त्या दिवशी घरातल्या बाईला चार वाजता हंडे भरायचे असतात. ज्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीची असते, त्या आठवड्यात शेतकरी पहाटे चारला बारे देऊन नुकता आडवा झालेला असतो. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत गाडीवर जाणाऱ्यांची ड्यूटी रोज वेगळ्या वेळी लागते. म्हणून घड्याळातली वेळ ठरवण्यापेक्षा एखाद्या रोजच्या कामाच्या शेजारी मनन ठेवा. सकाळचा चहा झाल्यावर लगेच, दुपारी डबा खाल्ल्यावर, ड्यूटीवरून येऊन अंघोळ झाल्यावर. ते काम कितीही वाजता होवो, त्याच्या मागोमाग वही उघडायची. वेळ सरकली तरी सवय मोडत नाही.

उन्हाळ्याचे वेगळे सांगायला हवे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा दुपारी पत्र्याखाली बसून कोणाचेही मन लागत नाही. मार्च ते जून मनन सकाळी सहाच्या आत किंवा रात्री अंगणात, गच्चीवर खाट टाकल्यावर. रात्रीचे ठरवले तर आडवे होण्याआधी, बसून. आडवे होऊन वाचलेले तिसऱ्या वचनाला पुसट होते.

जागा एकच ठेवा. एक खुर्ची, ओट्याचा एक कोपरा, काहीही चालेल. तिथे बायबल, २०० पानी वही आणि पेन्सिल कायम ठेवलेली असावी. पेन्सिल शोधायला उठलेला माणूस सहसा दुसऱ्याच कामाला लागतो.

मोबाइलवर वाचायला हरकत नाही. मराठी बायबल अॅपमध्ये फुकट मिळते आणि बऱ्याच अॅपमध्ये ऐकताही येते. पण आधी फ्लाइट मोड लावा. तोरणमाळ-धडगावच्या बाजूला नेटवर्कचा भरवसा नसल्याने हे काम तिथे आपोआपच होते. पुस्तके तेवढी गावात असताना आधी उतरवून घ्या. मात्र वही कागदाचीच हवी. मोबाइलवर लिहिलेली ओळ दुसऱ्या दिवशी कोणी उघडून पाहत नाही.

काय वाचायचे

नवीन वर्षाला उत्पत्तीपासून सुरुवात करणाऱ्यांचे पुढे काय होते, याचा हिशेब मांडता येतो. उत्पत्तीचे ५० अध्याय आणि निर्गमाचे ४०. रोज तीन अध्याय वाचले तर २५ जानेवारीला निर्गम २५ येतो आणि निवासमंडपाची मापे, पडदे, कड्या, खुंट्या सुरू होतात. ३१ जानेवारीला लेवीय उघडते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बायबल पुन्हा कपाटावर. यात लेवीयाची काही चूक नाही. मार्गदर्शनाशिवाय आणि रोज तीन अध्यायांच्या वेगाने ते पुस्तक कोणालाही जड जाते.

संपूर्ण बायबल वर्षात वाचायचेच असेल तर हिशेब असा: ६६ पुस्तकांत ११८९ अध्याय आहेत. सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी पाच, म्हणजे आठवड्याला २३; ५२ आठवड्यांत पूर्ण होते. (कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात, तिथे वेग थोडा वाढवावा लागेल.) पण हे वाचन झाले, मनन नव्हे. दोन्ही एकाच वेळी एकाच भागावर करायला जाऊ नका. वर्षभराचे वाचन रात्री किंवा प्रवासात ऐकून करा आणि मननासाठी वेगळा, छोटा भाग ठेवा.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने मार्काचे शुभवर्तमान घ्यावे. १६ अध्याय, घटना भराभर पुढे जातात, लांब भाषणे कमी. रोज दहा-बारा वचने घेतली तर दोन महिने पुरते. त्यानंतर फिलिप्पैकरांस पत्र: चार अध्याय, १०४ वचने, साधारण दहा-बारा दिवस. मग रूथ. मग याकोब. मध्ये-मध्ये स्तोत्रे. नवा करार पूर्ण करायचा असेल तर त्याचे २६० अध्याय आहेत; आठवड्यातले पाच दिवस रोज एक अध्याय घेतला की बरोबर ५२ आठवडे होतात आणि शनिवार-रविवार मोकळे राहतात. नोकरदारांना हा बेत सगळ्यांत जास्त झेपतो.

भाग कुठे तोडायचा हे अध्यायाच्या आकड्यावर ठरवू नका. घटना किंवा मुद्दा संपतो तिथे थांबा. छापील बायबलमध्ये मधे-मधे दिलेली मथळ्यांची नावे यासाठी उपयोगी पडतात. ती मूळ लेखनातली नाहीत, छापणाऱ्यांनी सोयीसाठी दिलेली आहेत, एवढे ध्यानात असू द्या.

भाषांतर कोणते? मंडळीत वाचले जाते ते जवळ असावेच, कारण पाठांतर त्याचेच होते. त्याची मराठी अडते तिथे सोप्या मराठीतले दुसरे शेजारी ठेवा. आधी जुने वाचा, अडलेल्या जागी नवे पाहा. उलट क्रम केला तर जुने पुन्हा उघडलेच जात नाही.

पंचवीस मिनिटांची मांडणी

पहिली दोन मिनिटे कालच्या ओळीला. केले का? झाले असेल तर तिच्यापुढे बरोबरची खूण, नसेल तर फुली, आणि फुलीपुढे दोन शब्दांत कारण. स्वतःला बोल लावत बसू नका. मग डोळे मिटून एवढेच मागा की आज जे लिहिले आहे ते दिसू दे. ११९ व्या स्तोत्राच्या १८ व्या वचनातली मागणी हीच आहे.

पुढची आठ मिनिटे भाग तीनदा वाचायचा. पहिल्यांदा मोठ्याने, घरात कोणी झोपले असेल तर ओठ हलवून. मोठ्याने वाचताना डोळे ओळी गाळू शकत नाहीत. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन: कोण बोलतो, कोणाशी, कुठे, कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो, 'पण', 'म्हणून', 'कारण' कुठे येतात. पत्रांमध्ये 'म्हणून' दिसले की मागचा परिच्छेद वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिसऱ्यांदा अगदी सावकाश, आणि जिथे मन अडकेल तिथे थांबायचे.

मग सात मिनिटे चार प्रश्न. इथे नेमके काय घडले किंवा काय लिहिले आहे? देवाविषयी काय कळते? माणसाविषयी काय कळते? मी आज काय करायचे? बहुतेक जण थेट चौथ्या प्रश्नावर उडी मारतात आणि मग मार्क वाचा की यशया वाचा, उत्तर एकच येते: मी अधिक प्रार्थना केली पाहिजे. पहिल्या प्रश्नाला निम्मा वेळ द्या. त्याचे उत्तर वहीत तीन ओळींत, बायबल मिटून लिहा. लिहिता येत नसेल तर भाग समजलेला नाही, पुन्हा वाचा.

सहा मिनिटे प्रार्थना, आणि ती वाचलेल्या भागातून. भागात क्षमा आहे तर कबुलीपासून सुरू करा, भागात देवाचे सामर्थ्य आहे तर स्तुतीपासून. रोजची मागण्यांची यादी यानंतर.

शेवटची दोन मिनिटे ती एक ओळ. 'मी अधिक नम्र होईन' ही ओळ निरुपयोगी आहे, कारण उद्या ती तपासता येत नाही. 'आज संध्याकाळी भावाला फोन करून बांधाच्या भांडणात बोललो त्याबद्दल माफी मागायची' ही ओळ तपासता येते. काम, माणूस आणि वेळ, तिन्ही त्यात हवेत. प्रत्येक भागातून काम निघेलच असे नाही. काही भाग फक्त आराधनेचे असतात. त्या दिवशी ओळ अशी: 'दुपारी डबा उघडताना आठवे वचन मनात म्हणायचे.'

ही पायऱ्यांची रीत काही आजची नव्हे. बाराव्या शतकात गीगो नावाच्या कार्थुसियन मठवासी संन्याशाने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा चार पायऱ्या लिहून ठेवल्या. कॅथलिक वाचकांना ती 'लेक्शिओ दिविना' या नावाने ठाऊक असेल. पहिला प्रश्न ठासून विचारणे ही मात्र आजची गरज, कारण आज वाचनाआधीच व्हॉट्सअॅपवर त्याचा अर्थ येऊन पडलेला असतो.

एक भाग जवळून

मार्क २:१-१२ घ्या. कफर्णहूमातले एक घर, दारापर्यंत गर्दी, चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, वाट मिळत नाही, ते छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि बाज खाली सोडतात.

शहरात वाढलेल्या वाचकाला इथे प्रश्न पडतो की छप्पर उकरले कसे. खान्देशात धाब्याचे घर पाहिलेल्याला पडू नये. तुळया, त्यावर काटक्या नि पाला, वर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी वरून खारी माती टाकून धोपटायची, नाहीतर पहिल्याच पावसात घरात पाणी. त्या काळची गालीलातली साधी घरे याच धर्तीची होती: सपाट माळवद, बाहेरून जिना. (लूक हीच घटना सांगताना कौलांचा उल्लेख करतो, मत्तय छपराचे काही बोलतच नाही. तिन्ही शेजारी ठेवून वाचणे हा स्वतंत्र दिवसाचा अभ्यास आहे.) आता धाबे वरून उकरले तर खाली काय होते ते डोळ्यांपुढे आणा. आधी माती गळते. मग काटक्या. खाली बसलेल्या शास्त्र्यांच्या अंगावर, शिकवणाऱ्या येशूच्या अंगावरही. बोलणे थांबते. घरधन्याचे धाबे गेले, ते पुन्हा घालायचा खर्च कोणी द्यायचा याचा उल्लेख नाही.

पहिल्या प्रश्नावर एवढे थांबले की पाचवे वचन वेगळे वाचले जाते. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असे तिथे आहे. चौघांनी तोंडातून एक शब्द काढलेला नाही. मातीने भरलेले हात आणि भोक पडलेले धाबे, यातूनच तो विश्वास दिसला. आणि लगेच येशू बोलतो ते पायांविषयी नाही, पापांच्या क्षमेविषयी. आणायला आले ते एका गोष्टीसाठी, मिळाली आधी दुसरीच. शास्त्री मनातल्या मनात कुरकुरतात, तेही त्याला कळते. बाज उचलून घरी जाण्याची आज्ञा अकराव्या वचनात येते.

देवाविषयी: क्षमा करण्याचा अधिकार येशूला आहे, आणि मनात दडवलेला आक्षेप त्याच्यापासून लपत नाही. माणसाविषयी: काही माणसे स्वतःच्या पायांनी येऊ शकत नाहीत. आजची ओळ: 'मागच्या गल्लीतल्या ज्या घरचे तीन रविवार मंडळीत आले नाहीत, तिथे आज सातच्या आत जाऊन बसायचे, उपदेश करायचा नाही.' बारा वचने, पंचवीस मिनिटे. घाई वाटली तर भाग दोन दिवसांत तोडा, १-५ आणि ६-१२.

वचन तोडून घेण्याची सवय

डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आजचे, ही रीत बऱ्याच घरांत आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री वर्षाच्या वचनाची चिठ्ठी काढायची रीत तर मंडळ्यांतही आहे. चिठ्ठीला माझा विरोध नाही; चिठ्ठीवरच थांबण्याला आहे. यिर्मया २९:११ हे चिठ्ठ्यांतले आवडते वचन: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. हे बाबेलात बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत दिली आहे. ज्या चाळिशीतल्या माणसाने ते पत्र ऐकले, तो परतीची वाट पाहून तिथेच वारला असणार. त्याला सांगितले होते काय? पाचवे वचन वाचा: घरे बांधा, मळे लावा, त्यांचे फळ खा. त्या चिठ्ठीचा खरा अर्थ इथून उघडतो, आणि तो मार्चपर्यंत नोकरी लागेल यापेक्षा मोठा आहे.

तसेच फिलिप्पै ४:१३: मला सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सर्व काही करू शकतो. परीक्षेच्या पॅडवर, दुकानाच्या पाटीवर, जीपच्या काचेवर हे वचन दिसते. आधीची दोन वचने पोटभर असण्यात आणि उपाशी असण्यात समाधानी राहण्याविषयी आहेत, आणि लिहिणारा पौल बेड्यांत आहे. परीक्षेत पास होण्याचे वचन म्हणून वापरले आणि नापास झाले, तर पोर वचनावरच रुसते. चिठ्ठी निघाली तर त्या आठवड्यात तो पूर्ण अध्याय वाचा, दोनदा.

कोरडे दिवस, आणि स्तोत्रे

काही दिवस वाचून काहीच होत नाही. आधी साधी कारणे तपासा: झोप, ताप, घरातले भांडण, रात्री बारापर्यंत मोबाइल. यातले काही असेल तर ते आधी दुरुस्त करायचे. ते नसेल तर भाग निम्मा करा, आणि आठवडाभर फक्त स्तोत्रे घ्या.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत; रोज पाच म्हटली तर महिन्यात पूर्ण होतात. ११९ वे मात्र एकटेच १७६ वचनांचे आहे, त्याला एक मोकळा दिवस द्या. सगळ्यांत जास्त स्तोत्रे गाऱ्हाण्याची आहेत, आणि आपल्या उपासनेत नेमकी तीच गायली जात नाहीत. कापसाला बोंडअळी लागून वेचणीच्या आधीच हिशेब कळलेला असतो, सोसायटीचे कर्ज डोक्यावर असते, आणि रविवारी गाणे मात्र आनंदाचेच. अशा आठवड्यात १३ वे स्तोत्र घ्या. सहाच वचने; पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'कोठवर' असा प्रश्न आहे आणि देवाने त्याबद्दल गाणाऱ्याला झिडकारलेले नाही. ते तीन दिवस तसेच म्हणा, पाचव्या वचनातल्या भरवशाकडे ओढूनताणून धावू नका. चौथ्या दिवशी हबक्कूक ३:१७-१८ वाचा: अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, तरी आनंद. ही दोन वचने पीक बुडालेल्या माणसाची आहेत. भरल्या कणगीशेजारी बसून ती दुसऱ्याला ऐकवू नयेत.

मनन चुकले तर बॅकलॉग भरून काढू नका. पाच दिवसांचे पंधरा अध्याय एका बैठकीत उरकणे हा सोडून देण्याचा सगळ्यांत खात्रीचा मार्ग आहे. जिथे थांबलात तिथून पुढे. म्हणूनच वहीत पुढच्या तारखा आधीपासून टाकून ठेवू नयेत.

घरची उपासना

पंधरा मिनिटे, त्याहून जास्त नाही. रात्री जेवणाआधी घेतली तर पोरे जागी असतात. जेवणानंतर लहानगे पेंगतात आणि मोठ्यांची मालिका सुरू होते. क्रम: एक गीत, आठ-दहा वचने, एक प्रश्न, दोघांच्या छोट्या प्रार्थना. बापाने रोज संदेश दिला की आठवड्यात पोरे कंटाळतात.

गीतासाठी अभंग आणि ओवीच्या चालीची ख्रिस्ती गीते निवडा. नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) अशी पुष्कळ लिहिली, ती बहुतेक मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात आहेत. ढोलकी-झांज नसली तर टाळ्या पुरतात, आणि चाल ओळखीची असल्याने आजीसुद्धा दुसऱ्या कडव्याला सूर धरते.

वचने प्रमाण मराठीत वाचा, पण मग घरच्या बोलीत सांगा. जळगाव-धुळ्याकडे अहिराणी, नवापूरकडे मावची, धडगावकडे पावरी. याची एक नेमकी रीत आहे. एकाने वाचायचे. दुसऱ्याने पुस्तक न पाहता तीच घटना बोलीत सांगायची. बाकीच्यांनी दोनच गोष्टी धरायच्या: काय गाळले, काय पदरचे घातले. मग तिसऱ्याने पुन्हा सांगायचे. तिसऱ्या सांगण्यापर्यंत घटना पाठ झालेली असते, लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलासुद्धा. शेवटचा प्रश्नही बोलीतच: 'देव कसा शे?' किंवा 'आज देव माले काय सांगस?' पोरे प्रमाण मराठीत संडे स्कूलची ठरलेली उत्तरे देतात. अहिराणीत विचारले की खरे उत्तर येते.

चुका दोन होतात. एक म्हणजे उपासनेत घरातले हिशेब चुकते करणे: 'प्रभू, काही जण अभ्यास करत नाहीत, त्यांना सुबुद्धी दे.' पोराला कोणाविषयी चालले आहे ते बरोबर कळते आणि उद्यापासून ते प्रार्थनेला बसायचे टाळते. दुसरी म्हणजे पाहुणे आले की उपासना रद्द. पाहुण्यांना गीतपुस्तक द्या. बसायचे नसेल तर ते अंगणात बसतील.

रविवार, प्रभुभोजन आणि मोठे सण

रविवारचा शास्त्रभाग शनिवारीच पाळकसाहेबांकडून विचारून घ्या आणि घरी एकदा वाचा. संदेश ऐकताना तीनच ओळी लिहा. सोमवारचे मनन त्याच भागावर. असे केले की संदेश दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकतो.

प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी १ करिंथ ११:२३-२९ वाचून वही पुढे घ्या आणि त्या महिन्यातल्या सगळ्या फुल्या पाहा. ज्या माणसाशी बोलणे बाकी आहे त्याच्याकडे रविवारी सकाळी उपासनेआधी जाता येते.

चाळीस दिवसांचा उपासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. चाळीसमध्ये रविवार मोजत नाहीत, म्हणून कॅलेंडरवर ते ४६ दिवस भरतात. काही मंडळ्या तो पाळत नाहीत, त्यांनीही त्या दिवसांत लूक घ्यायला हरकत नाही. २४ अध्याय आहेत. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे येशूने वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांची तयारी करणाऱ्यांनी आधी ते कुठले कुठे आहेत ते मांडून घ्यावे: तीन लूकात, तीन योहानात, आणि 'माझ्या देवा' हा एक मत्तय व मार्क दोघांत. एकाच शुभवर्तमानात सातही शोधत बसलेले लोक दरवर्षी भेटतात.

उपास धरायचा तर पाणी सोडू नका. हा काळ खान्देशात उन्हाचा; मजुरी किंवा शेतात काम करणाऱ्याने निर्जळी करणे धोक्याचे आहे. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय जेवण चुकवायचे नाही. एक वेळचे जेवण सोडून तो अर्धा तास मननाला आणि वाचलेले धान्य शेजारच्या घरी, एवढे पुरे. आणि मत्तय ६:१६-१८ प्रमाणे चेहरा धुऊन, तेल लावून. स्टेटसला टाकून नव्हे.

तोडीवर आणि ड्यूटीवर

नंदुरबारकडची पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यात परततात. पाळकसाहेब लांब, रविवार मोडलेला, पहाटे गाडी भरायची. अशांनी निघण्याआधी एकच पुस्तक ठरवावे, मार्क किंवा रूथ, आणि मोबाइलवर त्याचे ऑडिओ उतरवून घ्यावे. रात्री खोपीवर स्वयंपाक होत असताना एक भाग ऐकायचा, दोनदा. वहीऐवजी आठवड्याला एक वचन पाठ करायचे, आणि कोयता परजताना ते एकमेकांना म्हणून दाखवायचे. तोडीवर दोन-तीन ख्रिस्ती कुटुंबे असतील तर रविवारी रात्री एकत्र बसून वर सांगितलेली बोलीतली रीत वापरावी. तिला पाळक लागत नाही, लिहिता-वाचता येणारा एक जण पुरतो, तोही नसला तर मोबाइल.

रेल्वेवाल्यांनी दोन वह्या ठेवू नयेत. एक छोटी खिशातली, तीच घरी आणि रनिंग रूममध्ये, म्हणजे बाहेरगावच्या मुक्कामाच्या खोलीत.

वही भरली की

साधारण दोनशे दिवसांनी वही संपते. ती एका बैठकीत पहिल्यापासून वाचा, तासभर लागतो. हातात दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. जी फुली पुन्हा पुन्हा तीच आली आहे तिला एका रंगाने घेरा: तोच भाऊ, तोच राग, तेच कर्ज लपवणे. ज्या खुणा आता सहज होऊ लागल्या त्यांना दुसऱ्या रंगाने. मग गलती ५:२२-२३ उघडा आणि तिथली नऊ फळे डावीकडे लिहून प्रत्येकापुढे वहीतली एक तरी तारीख टाका. एखाद्यापुढे काहीच सापडत नसेल तर रिकामे ठेवा.

हे पान कोणा एकाला दाखवायचे. नवरा-बायकोने एकमेकांना दाखवणे चांगले, पण तेवढ्यावर थांबू नये. मंडळीतला वयाने मोठा, तोंडाने घट्ट असा एक माणूस किंवा महिला मंडळातली एखादी बाई निवडा. त्यांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त घेरलेल्या फुल्यांपैकी एक निवडून पुढचे तीन महिने दर रविवारी उपासना सुटल्यावर तिच्याविषयी विचारायचे. नव्या वहीच्या पहिल्या पानावर ती फुली आणि त्या माणसाचे नाव लिहा, आणि पुढचे पुस्तक त्या फुलीवरून ठरवा: जिभेचे असेल तर याकोब, पैशाचे असेल तर लूक, जुने वैर असेल तर उत्पत्ती ३७ पासून योसेफाची कथा.